मुरबाडच्या अमृतमहोत्सवासाठी बस ठरवताना

ऐरोलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वडिलांना जानेवारीत पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांचा अमृतमहोत्सव मुरबाड या मूळ गावी, बाजारपेठेपासून थोड्या आत असलेल्या एका लॉनवर करायचा आहे. ऐरोली, कळवा आणि मुलुंड येथून मिळून बेचाळीस माणसे न्यायची आहेत, त्यांत नऊ मुले आणि सत्तरी ओलांडलेले सहा जण आहेत. शनिवारी सकाळी निघून रात्री परत यायचे आहे. पुतण्याचा आग्रह असा की साधी बस न घेता रंगीत दिव्यांची, मोठ्या साउंडची आणि मध्ये नाचायला जागा असलेली ‘पार्टी बस’ घ्यावी. तशी बस घ्यावी का, खर्च कसा मोजावा आणि पैसे देण्यापूर्वी काय तपासावे, असे त्यांनी विचारले आहे.

ठाणे आणि नवी मुंबईतून लग्नांसाठी, सहलींसाठी आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांसाठी गाड्या लावून देणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. त्या आधारावर उत्तर देताना पुतण्याला न आवडणारा भाग आधी सांगतो. चालत्या बसमध्ये नाचण्याची सोय ज्या गाडीत करून दिलेली असते, ती गाडी बहुतेक वेळा कागदोपत्री वेगळी आणि प्रत्यक्षात वेगळी असते. आपण भाड्याने घेतो ती बस मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार कंत्राटी परवान्यावर, म्हणजे ठरलेल्या गटासाठी पूर्ण गाडी देण्याच्या परवान्यावर चालते आणि तिच्या नोंदणी पुस्तकात आसनसंख्या लिहिलेली असते. पंचेचाळीस आसनांची नोंद असलेल्या गाडीतली मधली आसने काढून, कडेने सोफे लावून आणि छताला दिव्यांच्या माळा जोडून जी ‘पार्टी’ तयार केली जाते, ती परिवहन कार्यालयाकडून मंजूर करून घेतली नसेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ५२ ला छेद देणारा बदल ठरते. एरवी हा वाद मालक आणि परिवहन अधिकारी यांच्यातला म्हणून सोडून देता आला असता. परंतु दुर्दैवाने काही घडले तर विमा कंपनी सर्वांत आधी नोंदणी पुस्तक आणि प्रत्यक्ष गाडी ताडून पाहते, आणि त्या वेळी हा वाद आपल्या दारात येतो. शिवाय कडेच्या सोफ्यांमुळे पंचेचाळिसांच्या गाडीत पंचवीस-तीस माणसे जेमतेम बसतात, म्हणजे आपल्या बेचाळीस जणांपैकी डझनभर माणसे नाचण्याच्या जागेतच उभी राहणार.

कंत्राटी परवान्याच्या गाडीत उभ्याने प्रवास करायला मुळातच वाव नाही. नोंदलेल्या आसनांपेक्षा जास्त माणसे आढळल्यास कलम १९४-अ नुसार प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. ही रक्कम ऐकून पुष्कळ जण हसतात आणि ‘भरून टाकू’ म्हणतात. त्याच कलमाचा पुढचा भाग मात्र फारसा कोणी वाचत नाही. जादा प्रवासी खाली उतरवून त्यांच्यासाठी दुसऱ्या वाहनाची व्यवस्था होईपर्यंत गाडी पुढे जाऊ देता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. शनिवारी रात्री शिळफाट्यावर झोपाळलेली चार मुले आणि दोन आजीआजोबा घेऊन रिक्षा शोधण्याची वेळ आली, तर दिवसभराच्या आनंदाचे काय उरेल ते वेगळे सांगायला नको. मूल लहान असले तरी त्याचे एक आसन धरावे, हा माझा नियम आहे. म्हणून आपली संख्या बेचाळीसच धरावी, तेहेतीस अधिक मांडीवरची नऊ अशी धरू नये.

तेव्हा माझा सल्ला असा, की पंचेचाळीस किंवा एकोणपन्नास आसनांची, टू बाय टू (दोन्ही बाजूंना दोन-दोन आसनांच्या) रचनेची, पुशबॅक आसने आणि माइक असलेली साधी वातानुकूलित बस घ्यावी आणि नाच, केक, औक्षण हे सगळे बस थांबल्यावर जमिनीवर करावे. बसमधला माइक आणि पुढचे दोन-चार स्पीकर अंताक्षरीला, वडिलांच्या जुन्या मित्रांच्या आठवणींना आणि मुलांच्या कोड्यांना पुरेसे असतात. पार्टी बससाठी मालक जी वरकड रक्कम मागत असेल, तेवढ्यात मुरबाड-शहापूर पट्ट्यातली एखादी बँजो पार्टी अर्ध्या-पाऊण तासासाठी सहसा ठरवता येते. मुख्य रस्त्यावर बस उभी करून तिथून लॉनपर्यंत बँजोच्या तालावर वडिलांना घेऊन जा. पुतण्याला नाचायला मोकळी जागा मिळेल आणि गावातली माणसेही सामील होतील, जे काळ्या काचांच्या बसमध्ये कधीच होत नाही. वाद्ये रात्री दहाच्या आत थांबवावी लागतील, कारण ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही; परंतु आपला कार्यक्रम दुपारचा असल्यामुळे ही अडचण आपल्याला येऊ नये.

आता पैशांकडे वळू. बसचे भाडे दोन पद्धतींनी सांगितले जाते आणि दोन मालकांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी ते एकाच पद्धतीचे आहेत का, हे पाहणे आवश्यक आहे. पहिली पद्धत स्थानिक भाड्याची, म्हणजे ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ आणि त्यापुढे प्रत्येक तासाला व प्रत्येक किलोमीटरला वेगळा आकार. दुसरी बाहेरगावची, म्हणजे प्रति किलोमीटर दर आणि दिवसाचे किमान किलोमीटर, जे बहुधा अडीचशे किंवा तीनशे धरले जातात. ऐरोलीहून महापे, शिळफाटा, कल्याण, शहाड या मार्गाने मुरबाड साधारण साठ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन एकशेवीस आणि गाडीच्या गॅरेजपासून आपल्यापर्यंतचे येणे-जाणे धरून समजा एकशेसाठ. हिशेब समजावा म्हणून काही आकडे मनाने धरतो. स्थानिक पॅकेज ८,००० रुपये, जादा किलोमीटरला ५० आणि जादा तासाला ५०० रुपये असेल, तर सोळा तासांच्या दिवसासाठी ८,००० अधिक ऐंशी किलोमीटरचे ४,००० अधिक आठ तासांचे ४,००० असे १६,००० रुपये होतात. तीच गाडी ५० रुपये किलोमीटरने आणि किमान अडीचशे किलोमीटरच्या अटीवर घेतली, तर १२,५०० रुपयांत काम होते, जरी त्यातले नव्वद किलोमीटर आपण प्रत्यक्षात वापरले नाहीत तरी. बस दिवसभर उभी राहणार असेल तेव्हा बाहेरगावची पद्धत बहुधा स्वस्त पडते, आणि जवळच्या हॉलवर माणसे सोडून गाडी मोकळी करायची असेल तर स्थानिक पॅकेज.

बाहेरगावच्या पद्धतीत एक खोच आहे. अनेक मालक ‘दिवस’ मध्यरात्री ते मध्यरात्री असा मोजतात आणि गाडी रात्री बारानंतर गॅरेजला पोहोचली तर दुसऱ्या दिवसाचे किमान किलोमीटर लावतात. लक्षात घ्या, बारा वाजता आपण घरी पोहोचणे पुरेसे नाही, गाडी गॅरेजमध्ये पोहोचायला हवी. गॅरेज कळंबोलीला असेल तर आपण ऐरोलीला अकरापर्यंत उतरायला हवे, आणि त्यासाठी मुरबाड साडेआठच्या आत सोडावे लागेल, कारण शनिवारी रात्री शहाड पूल आणि शिळ रस्ता किती वेळ खातील याचा भरवसा नसतो. काही मालक दुसऱ्या दिवसाऐवजी फक्त नाइट चार्ज घेतात. हे बोलण्यावर सोडू नये, लिहून घ्यावे. त्याच वेळी टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि जीएसटी सांगितलेल्या रकमेत धरले आहेत की वरून लागणार, हेही विचारून घ्यावे.

टोलवरून आठवले. मुंबईच्या प्रवेशद्वारांवरील पाच नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोलमाफी आहे, पण आपली बस हलक्या वाहनात मोडत नाही. मुलुंडच्या पाहुण्यांना घ्यायला बस ऐरोली पुलावरून पलीकडे नेली तर टोल तर लागेलच, शिवाय सकाळचा पाऊण तास जाईल. त्याऐवजी त्यांनी आपल्या मोटारीने, जिला तिथे टोल नाही, ऐरोलीला यावे. आणि कळव्याच्या मंडळींनी विटावा-दिघामार्गे रिक्षाने यावे. तीन ठिकाणी माणसे घेण्यात सोय दिसते, पण प्रत्येक थांब्यावर कोणीतरी लिफ्टमध्ये असते आणि कोणीतरी घरी चार्जर विसरलेले असते. एकच थांबा ठेवल्यास सकाळचा तासभर वाचतो, असा माझा अनुभव आहे.

दर रास्त आहे का, हे ताडण्यासाठी एक साधा मापदंड उपलब्ध आहे आणि तो फारसा वापरला जात नाही. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार खासगी कंत्राटी बसचे कमाल भाडे हे त्याच प्रकारच्या एसटी बसच्या प्रति किलोमीटर भाड्याच्या दीडपटीहून अधिक असू नये. एसटी स्वतःही लग्नकार्य आणि सहलींसाठी बस भाड्याने देते. तिला ‘प्रासंगिक करार’ म्हणतात आणि त्यासाठी आगारात अर्ज करावा लागतो. ठाणे, कल्याण किंवा खुद्द मुरबाडच्या आगारात प्रासंगिक कराराचा दर आणि अनामत रक्कम विचारून या. एसटी घ्यायची नसली तरी हातात एक आकडा असल्यामुळे खासगी मालकाशी बोलणे सरळ होते. साध्या आसनांवर घरच्या मंडळींची हरकत नसेल तर एसटीचा विचार मनापासून करावा, असे मी सांगेन, कारण तिचा चालक त्या रस्त्यावर नेहमी येणारा-जाणारा असतो आणि गाडी वाटेत बंद पडली तर जवळच्या आगारातून दुसरी मागवण्याची यंत्रणा तरी असते. फक्त यात्रा, गणेशोत्सव किंवा निवडणुकीच्या दिवसांत एसटीकडे जादा गाड्या मिळणे कठीण असते.

आपला कार्यक्रम जानेवारीत आहे, म्हणजे बहुधा पौष महिन्यात. पौषात आपल्याकडे लग्ने कमी असल्यामुळे लग्नसराईपेक्षा भाव नरम असतात. उलट शाळांच्या सहलींमुळे मोठ्या बस शुक्रवार-शनिवारी गुंतलेल्या असतात. याच महिन्यात मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते आणि त्या दिवसांत मुरबाड परिसरातल्या रस्त्यांवर प्रचंड गर्दी असते. आपला शनिवार यात्रेच्या दिवसांत येतो का, हे आधी पंचांगात पाहावे. येत असेल तर एक आठवडा मागेपुढे करणे सर्वांच्या हिताचे ठरेल. हाच कार्यक्रम जुलै-ऑगस्टमध्ये असता तर मी रायते येथील उल्हास नदीच्या पुलाविषयी लिहिले असते, कारण मोठ्या पावसात तिथे पाणी चढून कल्याण-मुरबाड रस्ता बंद पडतो.

गाडी पाहायला स्वतः जावे आणि शक्यतो उजेडात जावे. छायाचित्रात सगळ्याच बस नव्या दिसतात. गाडीचा क्रमांक घेऊन एम-परिवहन ॲपवर तिची फिटनेस, विमा आणि आसनसंख्या पाहता येते. परवाना आणि पीयूसीची (प्रदूषण तपासणी प्रमाणपत्राची) प्रत मालकाकडून मागून घ्यावी. व्यावसायिक बसचे फिटनेस प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी घ्यावे लागते, म्हणून जुन्या गाडीच्या तारखेकडे अधिक बारकाईने पाहावे. नंबर प्लेट पिवळी असावी. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी त्याला नमस्कार करून पुढे जावे. छोट्या गावांत आणि आपल्या औद्योगिक पट्ट्यातही शनिवार-रविवारी शाळेच्या पिवळ्या बस आणि कंपन्यांच्या स्टाफ बस स्वस्तात दिल्या जातात. शाळेच्या बसचा परवाना विद्यार्थ्यांच्या वाहतुकीपुरता असतो, त्यामुळे ती आपल्या उपयोगाची नाही. स्टाफ बस कंत्राटी परवान्यावर असेल तर चालू शकते, पण तिची आसने थ्री बाय टू आणि सरळ पाठीची असतात, आणि तिच्या चालकाने आठवडाभर पहाटेच्या व रात्रीच्या पाळ्या केलेल्या असतात. वयस्कर माणसे बरोबर असताना मी ती सुचवणार नाही.

आत चढल्यावर सर्वांत आधी आपत्कालीन दरवाजा उघडून दाखवायला सांगावे. तो गंजलेला असेल, त्याच्यासमोर जादा आसन बसवलेले असेल किंवा तिथे क्लीनरचे अंथरूण कोंबलेले असेल, तर दर कितीही चांगला असला तरी ती गाडी सोडावी. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटलेल्या बसमध्ये पंचवीस माणसे गेली. गाडी दरवाजाच्या बाजूवर पडल्यामुळे नेहमीची वाट बंद झाली होती. काच फोडण्याचे हातोडे जागेवर आहेत का, अग्निशामकाची मुदत संपलेली नाही ना, प्रथमोपचार पेटी उघडल्यावर तिच्यात खरोखर काही आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. मागच्या टायरवरची नक्षी हाताने चाचपावी. एसी चालू करून दहा मिनिटे थांबावे. पहिल्या पायरीची उंचीही पाहून ठेवावी, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती फार जाचते. एक मजबूत लाकडी पाट किंवा बुटके स्टूल डिकीत टाकले की हा प्रश्न सुटतो. वयस्कर मंडळींना पुढच्या तीन रांगा द्याव्यात आणि मागच्या चाकांवरची आसने तरुणांना, कारण तिथे हादरे सर्वाधिक बसतात.

चालकाविषयी बहुतेक लोक फक्त ‘चांगला आहे ना?’ एवढेच विचारतात आणि मालक ‘एकदम’ म्हणतो. त्याऐवजी विचारावे, आदल्या रात्री ही गाडी आणि हा चालक कुठे असतील? शुक्रवारी रात्री शिर्डी करून पहाटे परतलेला चालक सात वाजता तोंड धुऊन आपल्या दारात उभा राहतो, हे या धंद्यातले उघड गुपित आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने ज्याची जागा घेतली त्या मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ मध्ये चालकाच्या कामाचे दिवसाला आठ तास ठरवलेले होते, लांब पल्ल्याच्या किंवा सणासुदीच्या कामासाठी ते दहापर्यंत वाढवता येत होते आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागत होती. आपला दिवस सकाळी सात ते रात्री अकरा असा सोळा तासांचा आहे. गाडी मध्ये सात-आठ तास उभी असली तरी त्या वेळात चालक खरोखर झोपला पाहिजे, नाहीतर कागदावरच्या विश्रांतीला अर्थ नाही. लॉनच्या मालकाशी बोलून पंखा असलेली एक खोली चालक आणि क्लीनरसाठी मागून घ्यावी, त्यांना पहिल्या पंगतीत जेवू घालावे आणि दुपारी ‘जरा बाजारातून बर्फ आणून देता का’ अशी कामे त्यांना सांगू नयेत. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खोपोलीजवळ दरीत कोसळलेली बस पुण्याकडचा कार्यक्रम करून परतणाऱ्या वादक पथकाची होती आणि त्यात तेरा जण गेले. कार्यक्रमानंतरचा रात्रीचा परतीचा प्रवास हा अशा सहलींचा सर्वांत नाजूक भाग आहे आणि त्या वेळी गाडीतले सगळे झोपलेले असतात. म्हणून घरातला एक जागा राहणारा माणूस चालकाच्या मागच्या आसनावर बसवावा आणि कल्याणच्या आसपास चहासाठी थांबावे.

मद्याचा विषय प्रश्नात नाही, पण ‘पार्टी बस’ म्हटल्यावर तो डिकीतल्या बर्फाच्या पेटीतून हळूच वर येतो, म्हणून लिहितो. भाड्याची बस ही कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक सेवा वाहन आहे, आणि दारूबंदी अधिनियम, १९४९ आपल्या राज्यात आजही लागू असल्यामुळे परवान्याशिवाय पिणे आणि पंचविशीच्या आतल्यांनी कडक मद्य घेणे हे दोन्ही गुन्हे ठरू शकतात. बसमध्ये बाटली उघडणार नाही, हे नातेवाइकांना निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. लॉनवर तशी सोय करायची असेल तर उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लॉनच्या मालकामार्फत काढून घ्यावा. चालकाच्या बाबतीत रक्तातील मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ‘एकच पेग’ ही सवलत त्याला नाही, आणि पाहुण्यांपैकी कोणी प्रेमाने आग्रह केला तरी तो थांबवण्याची जबाबदारी यजमानाची आहे.

याच ओघात बसमध्ये काय नेऊ नये हेही सांगतो. केकवर लावायच्या ठिणग्या उडणाऱ्या मेणबत्त्या, फेसाचा स्प्रे आणि औक्षणाचे पेटते निरांजन बसमध्ये वापरू नये. फेसाच्या डब्यातला वायू ज्वालाग्राही असू शकतो, आणि बंद काचांच्या वातानुकूलित गाडीत कापडी पडदे आणि फोमची आसने असतात. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळण्याची आपली पद्धत सुंदर आहे. ती लॉनवर, वाऱ्याचा अंदाज घेऊन करावी. आचाऱ्याने ‘सिलिंडर तेवढे डिकीत टाकतो’ असे म्हटले तर ठाम नकार द्यावा.

राहिला शेवटचा एक किलोमीटर, आणि छोट्या गावात बसचे खरे गणित तिथेच फसते. बारा मीटर लांबीची गाडी शिळफाट्याच्या कोंडीतून निघते, पण बाजारपेठेतल्या वळणावर दुचाक्या, फळांच्या हातगाड्या आणि खाली लोंबणारी वीजतार यांच्यामध्ये अडकते. मंडपाची कमान रस्त्यावर असेल तर तिची उंची बसच्या एसीच्या खोक्यापेक्षा कमी असते, हे कमान बांधणाऱ्याच्या लक्षात येत नाही. गावातल्या एखाद्या भाच्याला सांगून, कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी आणि त्याच वेळेला, मुख्य रस्त्यापासून लॉनपर्यंतचा भाग दुचाकीवर मागे बसून सलग चित्रित करून घ्यावा आणि तो बसच्या चालकाला दाखवावा. चालक तो पाहून दोन मिनिटांत सांगतो की गाडी आत जाईल की नाही. आठवडी बाजाराचा वार शनिवार नाही ना, हेही भाच्यालाच विचारावे. बस आत जाते एवढे पुरेसे नाही, ती कुठे वळेल हेही ठरलेले हवे, कारण अंधारात, नातेवाइकांच्या ‘येऊ द्या, येऊ द्या’ च्या गजरात मागे घेतलेली बस कोणाची तरी मोटार किंवा कोणाचा तरी ओटा घेऊनच थांबते. गाडी आत जात नसेल तर वाईट वाटून घेऊ नये. बस मुख्य रस्त्यावर रुंद जागी उभी करावी, वयस्कर सहा जणांसाठी दोन रिक्षा सांगून ठेवाव्यात आणि उरलेल्यांनी बँजोमागून चालत जावे.

मुरबाडचीच बस घ्यावी का, असाही विचार मनात येऊ शकतो. तिथल्या चालकाला गल्ल्या माहीत असतात, दुपारी तो घरी जाऊन झोपतो, आणि दरही थोडा कमी सांगितला जातो. पण ती सकाळी रिकामी ऐरोलीला येणार आणि रात्री रिकामी परत जाणार, म्हणजे रिकाम्या फेऱ्यांचे पैसे आपणच भरणार, आणि सकाळी ती शहाडला बंद पडली तर ऐरोलीत दुसरी गाडी उभी करणारे तिथे कोणी नसते. एका दिवसाच्या प्रवासासाठी मी नवी मुंबई किंवा ठाण्याचीच गाडी घेईन. मुक्काम असता तर उलट सांगितले असते. मुरबाडला अद्याप रेल्वे पोहोचलेली नसल्यामुळे गर्दी विभागण्याचा तो मार्गही नाही. फार तर पुतण्या आणि त्याचे मित्र लोकलने कल्याणला पुढे जाऊन तिथून बसमध्ये चढू शकतील.

आगाऊ रक्कम एक चतुर्थांश ते एक तृतीयांश यापेक्षा जास्त देऊ नये, आणि ती ऑनलाइन द्यावी म्हणजे नोंद राहते. निघताना आणि परतल्यावर गाडीच्या किलोमीटरच्या आकड्याचे छायाचित्र घ्यावे. मालकाने ऐन वेळी ‘ती गाडी कामाला गेली, दुसरी पाठवतो’ असे म्हणण्याची शक्यता धरून चालावे आणि त्याची अट आधीच लिहून ठेवावी. करारपत्र करायला कोणी तयार नसते, पण व्हॉट्सॲपवरचा सविस्तर संदेश आणि त्यावर मालकाचे ‘मान्य’ एवढे पुढे फार कामी येते. तो संदेश साधारण असा लिहावा:

‘शनिवारी सकाळी पावणेसात वाजता ऐरोली स्टेशनबाहेर, बेचाळीस प्रवाशांसाठी, पंचेचाळीस आसनांची टू बाय टू एसी बस, क्रमांक अमुक. मार्ग महापे, शिळफाटा, कल्याण, मुरबाड आणि त्याच मार्गाने परत. मुरबाडहून रात्री साडेआठला निघणे. दर प्रति किलोमीटर अमुक, किमान अडीचशे किलोमीटर, गॅरेज ते गॅरेज; टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि कर धरून किंवा वगळून, जे ठरले असेल ते. रात्री बारानंतर गाडी गॅरेजला पोहोचल्यास फक्त नाइट चार्ज अमुक, दुसरा दिवस लागणार नाही. हीच बस न आल्यास तितक्याच आसनांची, त्याच किंवा त्यापेक्षा नव्या सालची आणि वैध फिटनेसची बस त्याच दरात. तीही न आल्यास आगाऊ रक्कम त्याच दिवशी परत. चालकाचे नाव आणि फोन शुक्रवारी दुपारपर्यंत कळवावा. शुक्रवारी रात्री त्याला दुसरे काम देऊ नये. एसी प्रवासात दोन्ही वेळा चालू राहील. माइक चालू स्थितीत असावा.’